कुमारप्पा वाचायचे तर सुरुवात कुठून करावी?

सीएची आर्टिकलशिप, म्हणजे ऑफिसातली उमेदवारी, करत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी व्हाउचर तपासता तपासता म्हणाले, "लंडनहून हिशेबनीस होऊन आलेला माणूस पुढे वर्ध्यात बसून घाण्याचं आणि चुलीचं अर्थशास्त्र मांडत होता, ठाऊक आहे का तुला?" मला ठाऊक नव्हतं. वर्धा आमच्या घरापासून बसने तासाभरावर, आणि जे. सी. कुमारप्पा हे नाव बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत एकदाही कानावर पडलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक, 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स', मिळवलं, पहिलं प्रकरण उघडलं, वाघ-मेंढी-मधमाश्या वाचल्या आणि पुस्तक मिटलं. अर्थशास्त्र शोधत होते आणि हाती बोधकथा आली, असं वाटलं. पुढची तीन वर्षं मी त्यांच्याकडे वळले नाही. चूक पुस्तकाची नव्हती, माझ्या क्रमाची होती. तुमची तीन वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

1. आधी माणूस ओळखून घ्या, आणि हिशेबनीस म्हणूनच ओळखून घ्या

बहुतेक ठिकाणी त्यांची ओळख "गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ" एवढ्यावर संपते. ही ओळख खोटी नाही, पण तिच्यामुळे वाचणारा आधीच ठरवून बसतो की पुढे उपदेश येणार.

जन्म 4 जानेवारी 1892 चा, तंजावरचा. तमिळ ख्रिस्ती घर, मूळ नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. लंडनला जाऊन हिशेबतपासणीचं शिक्षण घेतलं आणि मुंबईत स्वतःची फर्म चालवली. 1927 ला अमेरिकेला गेले, आधी सिराक्यूज आणि मग कोलंबिया विद्यापीठात. तिथे सार्वजनिक वित्ताचे प्राध्यापक होते एडविन सेलिग्मन. कुमारप्पांनी एका चर्चमध्ये भारताच्या गरिबीवर भाषण दिलं, त्याची बातमी सेलिग्मन यांच्या वाचनात आली आणि त्यांनीच सुचवलं की याच प्रश्नाचं उत्तर सरकारी जमाखर्चात शोध. इंग्रजी अमलातला कर कुणाकडून येतो आणि खर्च कशावर होतो, हे आकड्यांनिशी मांडता मांडता सुटाबुटातला हा हिशेबनीस राष्ट्रवादी झाला. परतल्यावर त्यांनी कॉर्नेलियस सोडून कुमारप्पा हे घराण्यातलं नाव घेतलं.

हा प्रबंध छापावा म्हणून ते 9 मे 1929 ला साबरमतीला गांधीजींना भेटायला गेले. वेळेच्या आधी पोचले. झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसलेला दिसला, तेच गांधीजी. कुमारप्पा कडक इस्त्रीच्या पाश्चात्त्य कपड्यांत होते, तसेच खाली बसले. तो लेखमाला म्हणून गांधीजींच्या 'यंग इंडिया' साप्ताहिकात छापायचं ठरलं. पण गांधीजींनी दुसरंही एक काम गळ्यात घातलं: खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी घेऊन त्यांनी गावोगाव फिरून घराघराचा हिशेब गोळा केला. सिद्धान्त आधी आणि गाव नंतर, ही कोलंबियाची सवय तिथे मोडली.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण माझ्या व्यवसायातल्या माणसाला तो लगेच कळतो. 1934 च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब कुमारप्पांकडे होता. स्वयंसेवकाच्या जेवणाला रोजचे तीन आणे असा नियम त्यांनी घालून दिला होता. गांधीजी आणि त्यांच्याबरोबरची मंडळी आली तेव्हा त्यांचा खर्च या निधीतून होणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. पैसा भूकंपग्रस्तांचा आहे, तो दुसऱ्या खात्यात जाणार नाही. गांधीजींनी ते मानलं.

हा माणूस डोळ्यांपुढे ठेवून वाचायला बसा. प्रत्येक पानावर तो एकच विचारतो: हा पैसा कुणाचा, आणि गेला कुठे?

2. सामान जमवा

फार काही लागत नाही:

- एक जाड वही, शक्यतो दोन रकाने आखलेली
- घरची महिन्याची किराणा यादी आणि वीजबिल
- शेती असेल तर सात-बारा आणि गेल्या हंगामाची बाजार समितीतली पट्टी (माल विकल्याची पावती)
- कुमारप्पांची दोन पुस्तकं: 'व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट?' आणि 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स'
- भारताचा स्वातंत्र्यपूर्व नकाशा, ज्यात 'मध्य प्रांत व वऱ्हाड' दिसतो

पुस्तकांसाठी पैसे खर्च करायची घाई करू नका. कुमारप्पा 30 जानेवारी 1960 ला वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे 1 जानेवारी 2021 पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं आहे. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या प्रतींची स्कॅन मिळतात. रोमन लिपीत शोधताना आडनावात पी हे अक्षर दोनदा लिहा, नाहीतर निम्म्या प्रती दिसतच नाहीत. इंग्रजी जड जात असेल तर हिंदी अनुवाद शोधा. 'स्थायी समाज व्यवस्था' या नावाने मोठं पुस्तक हिंदीत आलेलं आहे.

इथे फसू नका: कुमारप्पा दोन आहेत. भारतन कुमारप्पा हे त्यांचे भाऊ, तेही गांधीजींबरोबर काम करणारे आणि लिहिणारे. 'कॅपिटॅलिझम, सोशॅलिझम ऑर व्हिलेजिझम?' हे भारतन यांचं पुस्तक. मी ते आठवडाभर जे. सी. यांचं समजून टिपणं काढली होती. मुखपृष्ठावरचं पूर्ण नाव बघितल्याशिवाय वहीत एक ओळही लिहू नका.

3. गाजलेल्या पुस्तकाने सुरुवात करू नका

माझी चूक इथेच झाली. 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे 1945 चं पुस्तक. जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेलं, दहा वर्षांच्या प्रत्यक्ष कामानंतरचं. कामाचा पत्ता नसताना ते वाचलं तर प्रवचन वाटतं. क्रम असा ठेवा: आधी मातरच्या पाहणीची काही पानं, मग 1936 चं 'व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट?', आणि त्यानंतर 'पर्मनन्स'.

मधल्या पुस्तकाला मगनवाडीची पार्श्वभूमी आहे. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग आणि इमारत त्यासाठी दिली, मगनलाल गांधींच्या नावावरून ती मगनवाडी झाली. गांधीजी सेवाग्रामला जाण्याआधी इथेच राहत होते. कुमारप्पा संघाचे चिटणीस. हातसडीचा तांदूळ, तेलघाणी, गूळ, मधमाशीपालन, हातकागद, कातडी कमावणं, धूर न करणारी चूल, रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा दिवा: इथे एकेक गोष्ट करून, मोजून, सुधारून बघितली जात होती. पुस्तकातलं प्रत्येक विधान या अंगणातून आलेलं आहे.

4. वही मांडा: साठा आणि प्रवाह

ही पायरी सोडू नका. कुमारप्पांचा सगळ्यात मोठा विचार यात आहे, आणि नुसता वाचून तो कळत नाही.

ते म्हणतात, माणूस दोन प्रकारच्या संपत्तीवर जगतो. एक साठ्याची: कोळसा, पेट्रोल, लोखंड. काढत गेलं की संपणारी. दुसरी प्रवाहाची: वाहतं पाणी, दरवर्षी येणारं पीक, तोडलं तेवढं पुन्हा वाढू दिलेलं लाकूड, माणसाची आणि बैलाची मेहनत. साठ्यावर उभं राहिलेलं जगणं तात्पुरतं, शिवाय साठा मोजकाच असल्यामुळे त्यासाठी मारामारी अटळ. दुसरं महायुद्ध चालू असताना तुरुंगात बसून ते हे लिहीत होते. हवामानबदल हा शब्द रुळायच्या कितीतरी आधीची ही मांडणी आहे.

आता वहीच्या डाव्या रकान्यावर 'साठा' लिहा, उजव्यावर 'प्रवाह'. किराणा यादी समोर घ्या. तूरडाळ कुठे? सहज उजवीकडे लिहाल. थांबा. खत कशाचं होतं? पाण्याचा पंप कशावर चालला? ट्रक किती लांबून आला? माझ्या पहिल्या यादीत संध्याकाळपर्यंत उजव्या रकान्यात शेजाऱ्यांनी आणून दिलेली कढीपत्त्याची डहाळी आणि आईने परसात लावलेली दोडकी, एवढंच निखळ उरलं होतं. बाकी सगळं दोन्हीकडे विभागून.

यानंतर दुसरा तक्ता: गावातून काय गेलं, गावात परत काय आलं. यासाठी मी माझं आजोळ घेतलं, हिंगणघाट तालुक्यातलं. आई सांगते, तिच्या लहानपणी जवसाचं पोतं बैलगाडीत टाकून घाण्यावर नेत. ती बरोबर जायची. बैल गोल फिरायचा, लाकडाचा करकर आवाज, आणि गरम तेलाचा वास कपड्यांना दिवसभर. येताना त्याच गाडीत दोन वस्तू असत: तेलाचा डबा, आणि ज्या पोत्यातून जवस नेलं त्याच पोत्यात ढेप. (पश्चिम महाराष्ट्रात पेंड म्हणतात ती.) वजनाने पाहिलं तर तेल साधारण तिसरा हिस्सा, बाकी सगळी ढेप. ती गाईला जायची, शेण शेतात जायचं. घाणेवाल्याची मजुरीही गावातच राहायची.

आज मामाच्या शेतात सोयाबीन आहे. ते मार्केटात जातं. तेल बाहेर, डीओसी (तेल काढल्यावर उरलेली सोयाबीनची ढेप) तीही बाहेर. गाईसाठी ढेप तालुक्याच्या दुकानातून विकत येते. मामाच्या पट्टीवर दर चांगला दिसतो, आणि तो खोटा नाही. पण वहीच्या 'परत काय आलं' या रकान्यात रोख रकमेशिवाय काहीच नसतं, आणि त्या रकमेतून लगेच ढेप, खत आणि तेलाचा पुडा वजा होतो.

कुमारप्पांचा घाण्याविषयीचा मुद्दा नेमका हाच होता. तेलाची गिरणी तेल स्वस्त देते हे त्यांना मान्य होतं. त्यांचं म्हणणं एवढंच की तेलबी गाव सोडून गेली की गुरांचा खुराक, जमिनीचं खत आणि घाणेवाल्याचं काम हे तिन्ही तिच्याबरोबर जातं, आणि ही वजावट कुठल्याच भावात दिसत नाही. हातसडीच्या तांदळाचंही तेच. गिरणीत पॉलिश झालेल्या तांदळातून कोंडा जातो, आणि कांडणाऱ्या बाईची मजुरीही. व्हाउचर अपुरं असताना नफा दाखवला तर ऑडिटर सही करत नाही. हे पुस्तक मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

5. आता वाघ आणि मधमाश्या वाचा

वही भरल्यावर 'पर्मनन्स'चं ते पहिलं प्रकरण उघडा. निसर्गातल्या पाच तऱ्हा ते सांगतात: वाघासारखी दुसऱ्याला मारून जगणारी परोपजीवी, आंब्याच्या बागेत शिरलेल्या माकडासारखी न राबता ओरबाडणारी, घरटं बांधणाऱ्या पक्ष्यासारखी स्वतःच्या कष्टाची, मधमाश्यांसारखी समूहासाठी राबणारी, आणि पिलाला चारणाऱ्या पक्षिणीसारखी परतफेडीची अपेक्षा नसलेली सेवेची.

प्राणिशास्त्र म्हणून हे वाचू नका, तसं ते टिकत नाही. खात्यांची नावं म्हणून वाचा. आपल्या यादीतली प्रत्येक वस्तू यातल्या कुठल्या खात्यात पडते, असा प्रश्न घेऊन बसलात तर प्रकरण एका बैठकीत संपतं.

याच पुस्तकात पुढे एक लाख लोकवस्तीसाठी समतोल शेतीचा तक्ता आहे: माणसाला रोज धान्य, डाळ, गूळ, दूध, भाजी किती लागते, वर्षाला कापूस किती, आणि त्यासाठी कुठल्या पिकाखाली किती एकर हवेत. नगदी पिकाचा भाव बघून पेरण्याऐवजी पोटाची गरज मोजून पेरा, हा त्यामागचा विचार. आपल्या गावाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात तो तक्ता पुन्हा मांडून बघा. कापसाच्या पट्ट्यात राहत असाल तर रात्री उशिरापर्यंत जागावं लागेल.

इथे फसू नका: "कुमारप्पा यंत्राच्या विरोधात होते" हे वाक्य सगळीकडे भेटेल. मगनवाडीत त्यांनी दहा वर्षं अवजारंच सुधारली. खाणी, वीज, वाहतूक अशा गोष्टी मोठ्या प्रमाणावर चालणार, त्या सार्वजनिक ताब्यात असाव्यात, हेही त्यांनी मान्य केलं होतं. त्यांचा विरोध होता तो केंद्रीकरणाला.

6. जमिनीचा अहवाल

हा भाग थोडक्यात. डिसेंबर 1947 मध्ये काँग्रेसने जमीन सुधारणांसाठी समिती नेमली, अध्यक्ष कुमारप्पा. अहवाल 1949 चा. सरकार आणि कसणारा यांच्या मधले जमीनदार-दलाल हटवा, कसणाऱ्याला हक्क द्या, धारणेला कमाल मर्यादा घाला. किफायतशीर धारणेच्या, म्हणजे एका कुटुंबाचं नीट भागेल एवढ्या जमिनीच्या, तिप्पट ही ती मर्यादा त्यांनी सुचवली. आपल्याकडचा कमाल जमीन धारणेचा कायदा 1961 चा आहे, तो वाचताना हा अहवाल शेजारी ठेवला तर बरंच उलगडतं. कूळ, सहकारी शेती, शेतमजूर हे शब्द कुमारप्पांकडे भावनेने येत नाहीत, व्याख्येने येतात.

विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक: 1938-39 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षही तेच होते. आपल्याच गावांची ती पाहणी आहे.

7. शेजारी आंबेडकर ठेवा

हे कुणी सांगत नाही, म्हणून मी ठासून सांगते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 कोलंबियात होते आणि तेही सेलिग्मन यांचेच विद्यार्थी. बाबासाहेबांच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या 1925 च्या ग्रंथाला सेलिग्मन यांचीच प्रस्तावना आहे. एकच गुरू, एकच विषय, इंग्रजी अमलाच्या जमाखर्चावर दोघांची बोट ठेवायची पद्धतही जवळची. आणि गावाकडे वळल्यावर दोघे दोन टोकांना.

4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा म्हटलं. कुमारप्पांसाठी तेच खेडं नव्या रचनेचा पाया. मला इथे बाबासाहेबांची बाजू डावलता येत नाही. कुमारप्पांच्या तक्त्यात तेली आहे, चांभार आहे, कुंभार आहे, पण हे काम त्यांच्याच वाट्याला का आलं याचा रकाना पुरेसा भरलेला नाही. ग्रामोद्योग संघ मेलेल्या जनावराचं कातडं सोडवणं आणि कमावणं हा उद्योग म्हणून शास्त्रशुद्ध करू पाहत होता. बाबासाहेब त्याच काळात आपल्या समाजाला सांगत होते, मेलेली ढोरं ओढणं सोडा. एका बाजूला वाया जाणारी संपत्ती दिसत होती, दुसऱ्या बाजूला त्या संपत्तीला चिकटलेला अपमान.

त्यामुळे वहीत तिसरा रकाना काढा: हे काम कोण करतो, आणि त्याला ते नाकारता येतं का? माझ्या आजोळच्या घाण्याच्या तक्त्यात हा रकाना भरताना मला आईला पुन्हा फोन करावा लागला. घाणेवाला आत कुठपर्यंत यायचा, पाणी कुठल्या भांड्यात दिलं जायचं, हे तिने पहिल्यांदा सांगितलं नव्हतं.

8. मगनवाडीला जा

वाचून झाल्यावर जा, आधी नको. वर्ध्याचं मगन संग्रहालय 30 डिसेंबर 1938 ला गांधीजींच्या हस्ते उघडलं. चरखे आणि ग्रामोद्योगांची अवजारं तिथे आहेत. ग्रामीण औद्योगिकीकरणाची महात्मा गांधी संस्थाही याच परिसरात. निघण्याआधी फोन करून वेळ विचारा. सेवाग्राम इथून साधारण आठ किलोमीटर. बहुतेक लोक बापू कुटी बघून परततात आणि मगनवाडी राहून जाते, म्हणून सकाळचा वेळ मगनवाडीला द्या.

अवजारासमोर उभे राहिलात की कसं चालतं एवढंच विचारू नका. एका दिवसात किती काम होतं, किती माणसं लागतात, दुरुस्ती गावातला सुतार करू शकतो का, हेही विचारा. संशोधनाला आणखी कागद हवे असतील तर कुमारप्पांची खासगी कागदपत्रं दिल्लीत तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात आहेत.

आणि येणं नागपूरहून असेल तर रेल्वेऐवजी बस धरा. बुटीबोरी मागे पडलं की सेलडोह लागतं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला, तमिळनाडूतल्या कल्लुपट्टीला कायमचे जाण्याआधी, कुमारप्पांनी इथे पन्नई आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. पन्नई म्हणजे तमिळमध्ये शेत. खिडकीची जागा मिळाली तर वही मांडीवर उघडी ठेवा आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुठलं पीक उभं आहे ते लिहून घ्या.